सात नंबरला शून्य

शनिवार, चौदा तारीख
संध्याकाळचे पाच, विमानतळाचं कँटीन

प्रिय बाबा,

साष्टांग नमस्कार. शाळेत सगळी पत्रं इंग्लिशमध्ये लिहायला शिकवली, त्यामुळे माझी मराठी पत्राची तयारी इथेच संपली. ऱ्हस्व-दीर्घ मोजत बसू नका प्लीज.

आधी महत्त्वाचं. दादा ठीक आहे. आपलं विमान, पिवळीही ठीक आहे, तिच्या चारही पंखांवर एक ओरखडा नाही. तुमचा पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत आईची विणायची सुई घालून खाजवू नका, तिला कळतं.

फोन केला नाही कारण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही स्वतःच जोडता. मेकॅनिककाका सहा वाजता तिकडे निघतायत, त्यांच्या हाती हे देतेय.

इथे विमानांच्या कसरतींच्या स्पर्धेत येऊन मला काम मिळालं, तेही काय, तर लिहायचं! परीक्षक बाई आरामखुर्चीत पडून आकाशाकडे बघतात. त्यांची नजर विमानावरून एक सेकंदही हलत नाही. त्यांच्या डाव्या हाताला एक काका बसतात, ते कागदावरची पुढची आकृती वाचून दाखवतात: "चार. लूप, वर रोल." विमान आकाशात उभा गोल काढतं, माथ्यावर स्वतःभोवती गिरकी घेतं, बाई मार्क बोलतात, "साडेसात, लूप चपटा," आणि उजव्या हाताला मी, जे बोलतील ते लिहायचं. वर बघायचं नाही. वर बघितलं की एखादा मार्क सुटतो आणि कोणाचं तरी वाटोळं होतं. म्हणजे बघा, लहानपणापासून तुम्ही मला मान वर करून ठेवायला लावलीत, आणि इथे अख्ख्या मैदानात एकटी मीच खाली बघत होते.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "पोरी, तुझे हात बरे आहेत, पण तोंडाला ब्रेक लाव." मी म्हटलं, "घरी पण हेच म्हणतात." हसल्या. मजा येत होती बाबा, खरंच.

आज सकाळी दहा वाजता दादाचा नंबर आला. आमच्या कागदावर नुसता नंबर असतो, अकरा. पण पिवळीचं इंजिन मी झोपेतही ओळखते. पहिल्या पाच आकृत्या एक नंबर! आठ, साडेआठ, आठ, साडेसात, नऊ. नऊ बाबा! मी नऊ इतक्या जोरात लिहिला की कागद फाटायचा बाकी होता.

सहा म्हणजे उलटं ढकलायचं. तुम्हाला माहितीये, सगळं रक्त डोक्यात चढतं. आणि त्याच्या लगेच पुढे सात, जोरात वर खेचायचं, म्हणजे तेच रक्त धाडकन पायात. काका म्हणाले, "सात. सरळ वर, अर्धा रोल, उलटं बाहेर."

मी पेन टेकवून बसले.

बाई आरामखुर्चीत उठून बसल्या. मग म्हणाल्या, "खेचलं. रेष... रेष कुठंय?" मग, "हा काय करतोय?"

काका म्हणाले, "वर जातोय, पण पंख पडतोय."

"रोल?"

"रोल नाही. काहीच नाही."

मी वर बघितलं. नियम मोडला. पिवळी वरच्या टोकाला होती आणि हळूहळू तिचं नाक खाली पडत होतं, बसमध्ये झोपलेल्या माणसाची मान पडते ना, तसं. कोणी वळवत नव्हतं. मग ती खाली यायला लागली आणि इंजिनचा आवाज चढत गेला, चढत गेला. काका पुटपुटत सेकंद मोजत होते. सात, आठ. मला ओरडायचं होतं. तोंडातून काही बाहेरच आलं नाही. माझ्या!

नऊला तिने नाक उचललं. सरळ झाली, दोन्ही पंख किंचित हलले. आणि मग बाबा, त्याने आठ नंबरची आकृती सुरू केली. जसं काही झालंच नाही!

"सात झाली नाही, शून्य," बाई म्हणाल्या. "आठ... साडेसात. लिहिलंस का?"

मी लिहिलं. नुकत्याच जागा झालेल्या माणसाला साडेसात मार्क दिले आणि ते मी माझ्या हाताने लिहिले. तेव्हा मला 'जागा झालेल्या' हे माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटलं, विसरला. पायलट आकृती विसरतात, होतं तसं.

दादा उतरला तो हसतच. निकाल लागल्यावर मात्र भडकला. "सातला शून्य? आंधळे आहेत का हे? मी सात उडवली! वर गेलो, डावा पंख बघितला, अर्धा रोल मारला." हाताने करूनही दाखवली, डोळे मिटून, सुंदर. आणि व्हिडिओ दाखवा म्हणून तणतणत ऑफिसात गेला. मी मागे मागे. तो खोटं बोलत नव्हता बाबा. त्याला खरंच वाटत होतं.

त्यांनी छोट्या स्क्रीनवर लावला. दादाने एकदा बघितला. मग म्हणाला, "परत लावा." दुसऱ्यांदा बघताना त्याचा चेहरा कागदासारखा झाला. ऑफिसातल्या माणसाला म्हणाला, "वाऱ्याने ढकललं असेल. सॉरी, तक्रार नाही." आज वारा नव्हता. धावपट्टीवरचा वारा दाखवणारा कापडी मोजा नुसता लोंबत होता.

हँगरच्या मागे मी त्याचा हात धरला. म्हटलं, "दादा, तू बेशुद्ध होतास."

"हळू बोल."

"नऊ सेकंद! तुला आठवत पण नाहीये!"

"अगं होतं कधीकधी. तिसरी वेळ आहे. पाणी कमी पडलं की होतं."

"तिसरी?"

मग तो म्हणाला, "बाबांना माहितीये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी खरंच हसले. म्हटलं, "कोणाच्या बाबांना?"

त्याने सगळं सांगितलं. पहिली वेळ जानेवारीत, दुसरी तीन आठवड्यांपूर्वी. दोन्ही वेळा उतरल्या उतरल्या त्याने तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, खेचताना पोट आवळत जा, पाणी पी, सवय होईल. आणि बारकीला कळू देऊ नकोस, ती भोंगा आहे.

तीन आठवड्यांपूर्वी, म्हणजे त्याच रविवारी ना, ज्या दिवशी आपण तिघांनी मिळून पिवळी धुतली? तुम्ही गाणं म्हणत होतात. मी तुमच्या अंगावर पाईप मारला.

तुमचं उडायचं लायसन्स डोळ्यांमुळे गेलं, हे मला माहितीये. अकरा वर्षं तुम्ही त्या शेडमध्ये पिवळीचा एकेक पंख शिवलात, कापड ताणलंत, हेही मी बघितलंय. म्हणून तासभर मी तुमच्या बाजूने विचार करून बघितला. नाही जमलं बाबा. मला सारखा तो चढत जाणारा आवाज येतो.

उद्या सकाळी फायनल आहे. शून्य धरूनही दादा पाचवा आहे, आणि त्याला उडायचंय. मी स्पर्धेच्या डॉक्टरांकडे गेले. हो, मीच गेले. दादाने दारात माझी ओढणी धरली, म्हणाला, "बारके, हात जोडतो." तो रडत होता. मी गेले.

डॉक्टरांनी त्याला उद्या उडायला बंदी केली आणि माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यात विचारलं होतं, असं आधी कधी झालंय का? 'नाही' लिहिलं असतं तर दोन टेस्ट आणि महिनाभराने सुटका. 'हो' म्हणजे कदाचित कायमचंच. दादा बाहेरून काचेतून बघत होता. मी 'हो' लिहिलं. दोन वेळा. खाली होतं, हे आणखी कोणाला माहीत होतं? तिथे मी 'वडील' लिहिलं आणि तुमचा नंबर दिला.

दादा आता माझ्याशी बोलत नाही. पिवळीच्या सीटवर जाऊन बसलाय, इंजिन बंद.

सोमवारी अकरा वाजता डॉक्टर तुम्हाला फोन करतील. दादा त्यांना सांगणार आहे की मी घाबरून बनवून लिहिलं, असं आधी कधीच झालं नाही. म्हणजे एकीकडे तो, एकीकडे मी, आणि मध्ये तुम्ही. तुम्ही 'नाही' म्हणालात, तर मी खोटी ठरेन. त्याचं मला काही वाटणार नाही. पण तो परत उडेल.

मेकॅनिककाका हॉर्न वाजवतायत.

डॉक्टरांना 'हो' म्हणा, बाबा.

दादाची बहीण