रुपचंदच्या रावटीपेक्षा उंच

रवि. १ डिसेंबर १९६८, जळगाव
शेजारच्या रुपचंदने रावटी आणली. मिलिटरी डिस्पोजलची. दोन काठ्या, वर हिरवं कापड, झालं! अंगणात उभी करून आत बसला, जणू संस्थानिक. कापडाचा व्यापारी, याला जंगलातलं काय कळतं? नाताळात पाटणादेवीला मुक्काम करणार म्हणे. आमच्या सौ. पुष्पाबाई कुंपणापाशी उभं राहून म्हणाल्या, "किती हौशी माणूस!" माझ्याबद्दल असं कधी बोलल्याचं आठवत नाही.
हेवा मुळीच वाटला नाही. फक्त जेवण गेलं नाही.

मंगळ. ३ डिसेंबर
रुपचंदने आम्हालाही बोलावलं. बायका रावटीत झोपतील, आपण दोघे बाहेर शेकोटीपाशी, म्हणाला. सौ. लगेच तयार. लग्नानंतर तिचा प्रवास म्हणजे माहेर पाचोरा आणि परत. मी जाहीर केलं, जाऊ, पण आपला तंबू नेऊ. भूगोलाच्या शिक्षकाने कापडवाल्याच्या मेहेरबानीवर का राहावं?
तंबू गरज पाहून निवडावा. माणसं किती, वारा किती, वाहणार कोण. सगळं शास्त्रशुद्ध.

शनि. ७ डिसेंबर
मंडपवाल्या जीवराम आबांकडे गेलो. छोटी रावटी: रुपचंदसारखीच, बाद. चौकोनी तंबू: त्याच्यापेक्षा जेमतेम हातभर उंच, बाद. गोल तंबू, मधे एकच जाड खांब: पसंत! आबांनी विचारलं, "मास्तर, जन कितला शेतस?" दोन, म्हटलं. "मंग काय आत लपाछपी खेळशात?"
दुर्लक्ष केलं.

रवि. १५ डिसेंबर
सराव. तंबू अंगणात मावेना. रुपचंद धावत आला, दोर धरून उभा राहिला. मदतीच्या नावाखाली हिणवणं, दुसरं काय! सौ.ने त्याला चहा दिला. माझ्याआधी.

बुध. २५ डिसेंबर
सकाळची पॅसेंजर. तंबूच्या कापडाची वळकटी चढली, खांब चढेना. दारातून वळेना. खिडकीतून घातला तर पलीकडच्या खिडकीतून बाहेर. डबाभर आरडाओरडा. गार्डची शिट्टी. रुपचंद ओरडला, "मास्तर, सोडा तो खांब, चढा!" त्याच्या सांगण्यावरून? शक्य नाही. मी वळकटीही खाली ओढली. सौ. दारात उभी. "चला ना हो!" गाडी हलली. रुपचंदच्या पत्नी सुगंधाबाईंनी तिला हात धरून आत घेतलं.
मी फलाटावर. तंबू सुरक्षित. तत्त्वाचा विजय.

गुरु. २६ डिसेंबर
मेहरूण तलावाकाठी एकट्याने तंबू उभारला. म्हणजे जवळजवळ. वारा आत शिरला, कापड फुगलं आणि तंबू पाण्याकडे निघाला. म्हशी धुणाऱ्यांनी अडवला. इथला वाराच चमत्कारिक.
पाटणादेवीला रावटी नक्कीच उडाली असेल.

शनि. २८ डिसेंबर
सौ. परतली. रावटी उडाली नाही. चेहरा उन्हाने रापलेला, पण नवाच. देवळामागच्या रानात मोर दिसले म्हणे. मी म्हटलं, रुपचंदने फार बढाया मारल्या असतील. म्हणाली, "छे! बिचारे शेकोटीपाशी कुडकुडत होते. म्हणायचे, मास्तर असते तर गप्पांत थंडी कळली नसती."
मी तंबूचे दोर गुंडाळायला घेतले.
ती पिशवी रिकामी करत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "मोर दिसला तेव्हा मी मागे वळून म्हटलं, अहो, बघा. मागे कुणीच नव्हतं."