पंधरा भागांना होकार

देवकी,

लॅपटॉप घेऊन घोलवडला जतीनकडे जातोय. गच्चीवरचे बोंबील ऊन उतरायच्या आत काढ.

काल सिनेमा मंडळात बघायला भागाभागांचा जुना सिनेमा निवडायचा होता. एक पंधरा भागांचा होता, एक चार भागांचा. आमचा नियम तुला ठाऊक आहे: रविवारी एकच भाग, पुढचा चोरून बघायचा नाही. डॉक्टरांनी जतीनला महिनाच दिलाय, पण ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्यासमोर चार भागांना हात वर करायला कुणी धजेना. मीही नाही.

चारसाठी एकट्या जतीनचाच हात वर आला; पंधरा भागांचा ठरला. म्हणाला, "शेवट बघायचाय रे, सदा."

आज त्याला पंधराही दाखवतो. रविवारी सगळ्यांसोबत पहिला भाग बघताना काही माहीत नसल्यासारखे बसू. त्याला ते जमतं.

— सदानंद