कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे

नाना,

आज जळगावात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय आणि माझ्या घरात कूलर नाही. शेजारच्या अक्का दर उन्हाळ्यात विचारतात, एवढी कमावती बाई तू, एक कूलर घेववत नाही का? मी हसून सांगते, मला त्याचा वारा बाधतो. हे वाक्य तुमचं आहे. तुम्ही बोललात तेव्हाही ते खोटं होतं आणि मी बोलते तेव्हाही खोटंच असतं. इतकी वर्षं मी ते बिनदिक्कत वापरते आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडलेली असते. म्हणून आज लिहायला बसले आहे. तुम्हाला आवडायचं तसं लिहिते, एका वेळी एक गोष्ट, क्रमाने.

तुम्ही वरणगावचा कारखाना सोडून धुळ्याला आलात तेव्हा माय जाऊन चार वर्षं झाली होती, घरात आपण दोघंच. तीस वर्षं लेथवर उभे राहिलेल्या माणसाला खाटेवर बसून राहण्याचा फार त्रास होत होता. तुम्ही घरातली प्रत्येक कडी, प्रत्येक बिजागरी दुरुस्त करून टाकली होती आणि आता करायला काही उरलं नाही म्हणून माझ्या बाहेरच्या खोलीत डोकवायचात. त्या खोलीत मी लग्नाच्या कॅसेटवर नावं टाकून द्यायचे. सोनेरी अक्षरं गिरकी घेत यायची, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. दोन मिनिटांच्या त्या गमतीसाठी कॉम्प्युटर पाच-सहा तास एकेक चित्र तयार करत बसायचा. लग्नसराईत शूटिंगवाले दारात उभे असायचे. अशात एका मासिकात वाचलं की माझ्याकडे आहे तो तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेवर पळवता येतो. त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. आतल्या बोर्डवर नखाएवढी प्लास्टिकची टोपी असते, तिला जंपर म्हणतात. ती एका जागेवरून काढून शेजारच्या टाचण्यांवर बसवली की वेग बदलतो. मी ती बसवली आणि स्क्रीन काळी पडली ती उजळेचना.

मग मी जे केलं त्यावरून तुमची पहिली बोलणी खाल्ली. मी व्होल्टेज एक पायरी वाढवलं, मेमरीची पट्टी दुसऱ्या खाचेत घातली आणि पंख्याची वायरही बदलली, सगळं एकदम. मशीन सुरू झालं. मी टाळी वाजवली. तुम्ही दारात उभे होता. तुम्ही अहिराणीतच बोलायचात आणि मी शाळेतल्या मराठीत उत्तरं द्यायचे, त्याचंही तुम्हाला कौतुकच होतं. त्या दिवशी मात्र कौतुक नव्हतं. "तीन गोष्टी एकदम बदल्यात," तुम्ही म्हणालात, "आते कोनती कामले उनी, हाई कोन सांगी?" मला राग आला. चाळीस मिनिटांनी मशीन अडकलं, माउस हलेना, आणि नेमकं कशामुळे ते मला सांगता येईना. संध्याकाळी तुम्ही बाजारातून दोनशे पानी वही घेऊन आलात, पट्टीने रकाने आखलेत. काय बदललं, किती वेळ चाललं, कुठे अडकलं, शेरा. कारखान्यात नवं मशीन बसवताना तुम्ही अशीच वही ठेवायचात म्हणे.

नाना, तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा हिवाळा होता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपण सकाळी चहा घेऊन त्या उघड्या डब्यासमोर बसायचो. मी टेस्ट लावायचे, तुम्ही घड्याळ बघायचात. अडकलं की एक गोष्ट बदलायची, वहीत लिहायची, पुन्हा लावायची. मेमरीची पट्टी आधीच्या खाचेत गेली, काही फरक नाही. व्होल्टेज एक पायरी वर, आता दीड तास चाललं. अजून एक पायरी, तर वीस मिनिटांतच अडकलं. तेव्हा तुम्ही प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला हाताच्या मागच्या बाजूने हात लावलात. कारखान्यात बेअरिंग तापलं का ते असंच बघतात, तळहात लावायचा नाही, असं मला शिकवलंत. मग तो ठोकळा काढायला लावून त्याच्या तळावर स्टीलची पट्टी उभी धरलीत आणि खिडकीकडे वळवलीत. "देख, उजेड दिसी राहिना," तुम्ही म्हणालात. खरंच, पट्टीच्या खालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. ठोकळा सपाट नव्हता, प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता, मग उष्णता जाणार कुठून?

पुढचे दोन दिवस तुम्ही जाड काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून तो तळ घासत बसलात. दहा वेळा गोल, मग ठोकळा वळवून पुन्हा दहा वेळा. मी म्हटलं, नाना, पुरे आता. तुम्ही ऐकलं नाही. शेवटी त्यात तुमच्या चष्म्याची काडी दिसायला लागली तेव्हा तुम्ही तो धोतराच्या टोकाने पुसून माझ्या हातात दिलात. मला आजवर अनेकांनी अनेक भेटी दिल्या, पण हातात घेतल्यावर ऊर भरून यावा अशी तीच एक. पांढरी पेस्ट लावून तो बसवला, व्होल्टेज पहिल्या पायरीवर आणलं, आणि मशीन सकाळपासून संध्याकाळपर्यंत न अडकता चाललं. तुम्ही वहीत 'ठीक' एवढंच लिहिलंत आणि मग गल्लीत जाऊन घराघरात सांगून आलात. बिचाऱ्यांना काय कळलं असेल कोण जाणे. धुळ्यातले कॉम्प्युटरवाले मात्र खरंच बघायला यायला लागले. एका पोरीने केलंय म्हटल्यावर जरा जास्तच यायचे. मला ते फार आवडायला लागलं.

आपली चूक एवढीच झाली की ही सगळी परीक्षा आपण पौष-माघात घेतली. वैशाख आला, दुपारी घरातली हवाच अंगाला चटका देऊ लागली आणि मशीन पुन्हा अडकायला लागलं. दोन वाजले की हमखास. पाच तासांचं काम चार तासांवर येऊन थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या महिन्यात माझ्याकडे लग्नांची रांग होती. तुमच्या खोलीत तुम्ही स्वतः पत्रा कापून बनवलेला कूलर होता, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, सगळ्या उन्हाळ्याची तुमची तेवढीच चैन. एका दुपारी मी शूटिंगवाल्याकडून आले तर तो कूलर बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटरकडे तोंड करून. तुम्ही बादलीने त्यात पाणी ओतत होता. मी म्हटलं, अहो नाना, तुम्ही काय करणार?

"माले त्याना वारा बाधस," तुम्ही म्हणालात. "मशीनले लागू दे."

बाहेरच्या खोलीत तुमची खाट मावत नव्हती, आणि गिऱ्हाइकांसमोर बनियनवर बसणं तुम्हाला पटत नव्हतं. तुमच्या खोलीचा पत्रा तापायचा म्हणून तुम्ही दुपारभर दाराबाहेरच्या ओट्यावर बसू लागलात, डोक्यावर ओला टॉवेल ठेवून. तासातासाने आत येऊन कूलरमध्ये पाणी घालायचं, ठोकळ्याला हात लावायचा, वहीत लिहायचं आणि पुन्हा बाहेर. मी कामात होते. मी खरंच कामात होते, पण कामात नसते तरी उठले असते का, हे मला सांगता येत नाही.

तो दिवस मी लिहिणारच नव्हते. चार वाजता चहाला हाक मारली, तुम्ही आला नाहीत. उठण्याआधी मी स्क्रीनवर नजर टाकली होती, काम संपत आलं होतं, मला बरं वाटलं होतं. तुम्ही भिंतीला टेकून बसला होता आणि टॉवेल कडकडीत वाळला होता. तुमच्या कपाळाला मी हाताच्या मागच्या बाजूने हात लावला आणि तो मागे घ्यावा लागला. रिक्षातून दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, बर्फ ठेवला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, त्यात वय, त्यात ब्लडप्रेशर. संध्याकाळी तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "मशीन चालू शे ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

जलदान विधीला सोनगीरहून आपले सगळे लोक आले होते. सगळे म्हणत होते, नानांनी पोरीसाठी काय नाही केलं. मी मान खाली घालून बसले होते. त्यांना वाटलं मी रडतेय. मी वहीबद्दल विचार करत होते.

कारण नाना, तुम्ही मला एकदा विचारलं होतं. कूलर हलवल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, हातात रिकामी बादली घेऊन. "बेटा, येना वेग उन्हायापुरता कमी करता येस का?" लेथवर जॉब तापला की आधी वेग उतरवायचा, हे तुम्हाला जन्मभर माहीत होतं, म्हणून तुम्ही विचारलंत. दुसऱ्याच दिवशी जळगावहून एक कॉम्प्युटरवाला माझं साडेचारशेचं मशीन बघायला येणार होता. मी स्क्रीनवरून मान न वळवता म्हटलं, नाही येत नाना, जंपर एकदा बसवला की बसवला. मशीनमधलं मला जास्त कळतं असं तुम्हाला वाटायचं. तुम्ही वही उघडलीत आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंत, 'वेग कमी करता येत नाही.' ती वही माझ्याकडे आहे. दोनशे पानांत खोटी नोंद ती एकच, आणि ती तुमच्या अक्षरात आहे. ती खोडायला मी कितीदा पेन उघडलं, पण तुमचं अक्षर खोडवत नाही.

हे पत्र मी त्याच पानात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? आणखी एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी डबा उघडला आणि जंपर जुन्या जागी बसवला. दोन मिनिटं लागली. कूलर बंद करून तुमच्या खोलीत नेऊन ठेवला. मशीन हळू चाललं, पण त्या उन्हाळ्यात पुन्हा एकदाही अडकलं नाही. ती नोंद मी वहीत केलेली नाही.