चार क्लिक डावीकडे

४ मार्च

हरलो. पुन्हा! जोडीच्या सामन्यात पार खाली. आठशे मीटर, डावीकडून वारा. मी स्वच्छ सांगितलं — रायफलवरच्या दुर्बिणीची गुंडी चार क्लिक डावीकडे. महाराणींनी चार लावले आणि गोळी गेली उजव्या कडेला. पुन्हा चार, पुन्हा उजवीकडे. वारा बदललेला नाही, मग मी आकडा का बदलू? वारा वाचायचं काम माझं, चाप ओढायचं तिचं. मग चापाला झटका कुणी दिला?

"चुकलंच, ताई," म्हणे. एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

७ मार्च

महाराणी म्हणजे धाकट्या भावाची बायको. इथे लिहायला काय जातंय, तोंडावर थोडीच म्हणते! रायफल धरायला तिला मीच शिकवलं. मग माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं, माझी जागा रिकामी झाली आणि तिने ती अलगद घेतली. आता तिच्यामागे बसून मी वारा सांगते. काय दिवस आले!

११ मार्च

माझी तिपाईवरची दुर्बीण पार कामातून गेलीय. तापलेल्या जमिनीवरून झळा वाहतात. त्या कुठे, किती जोरात जातात ते बघून वारा कळतो. या काचेतून नुसतं दूध दिसतं. पुसून पुसून हात दुखले. कुणीतरी आपटली असणार — कुणी, ते सांगायला नको. झळा नाहीत तर नाहीत, वाऱ्यावर फडकणारी निशाणं आहेत ना मैदानात! आयुष्य गेलं निशाणं बघण्यात.

धाकट्याला म्हटलं, दुरुस्तीला टाक. "टाकतो गं, ताई." टाकतोय!

१५ मार्च

सरावातही तेच. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे.

१६ मार्च

संघ निवडणाऱ्या सरांनी बाजूला घेतलं. संघात एकच जागा उरलीय. "तुम्ही तिच्यामागे बसता. तुम्हीच सांगा, घेऊ का तिला?"

मी सांगितलं, बोट कच्चं आहे.

खोटं नाही बोलले. जे दिसतं ते सांगितलं. सांगताना बरं वाटलं, हेही खरं.

१९ मार्च

यादी लागली. तिचं नाव नाही. धाकटा जेवताना माझ्याकडे बघेना. ती मात्र नेहमीसारखी वाढत होती.

"सरांनी तुम्हाला विचारलं होतं ना, ताई?"

हो म्हटलं.

"बरं केलंत. तुम्हाला वाटलं ते सांगितलंत."

टोमणा असेल म्हणून चेहरा निरखून बघितला. नव्हता. जास्तच राग आला.

२३ मार्च

एकेरी सामना. इथे मागे कुणी बसत नाही, ज्याचा वारा त्याने वाचायचा. खरं सांगायचं तर तिची फजिती बघायला गेले. बाकावर बसून निशाणं बघितली — जवळची तर लोंबतच होती — आणि मनात म्हटलं, चार. ती गुंडी फिरवत होती, मी तिच्या बोटांवर नजर ठेवून मोजत होते. नऊ! वेडी झाली का ही? आता गोळी जाते डावीकडे शेतात, म्हटलं.

मधोमध. पुढे आठ लावले — मधोमध. मग दहा! तीही मधोमध. बोट जराही हललं नाही. पहिली आली.

सर म्हणाले, "वारा तुम्हीच शिकवलात ना? नाव काढलं हं पोरीने!" हसावं लागलं.

त्यात काय एवढं? तिच्या रायफलवरची दुर्बीण नवी कोरी. झळा लख्ख दिसतात. द्या मला तशी, मीही सांगते नऊ! टाळ्या पिटायला सगळे हजर, माझी काच नीट करून आणायला घरात एकालाही वेळ नाही. उद्या मीच घेऊन जाते.

२६ मार्च

दुर्बीण परत आणली. दुरुस्तीवाला म्हणाला, "बाई, काच ठणठणीत आहे. काही करायलाच नाही लागलं."

घरी दारात ती उभी होती. म्हटलं, फसवतोय मेला! माझ्या हातातली पिशवी घेत ती हळूच म्हणाली, "नाही, ताई. मी बघितलं होतं तिच्यातून, मागेच. स्वच्छ दिसतं."

मागेच. म्हणजे दूध काचेत नाही, माझ्या डोळ्यांत. म्हणजे नऊ तिला तेव्हाही दिसत होते. आणि तिने माझे चार लावले.