खोलीतली दुसरी खाट

बेरी फॉल्स, व्हरमाँट
८ फेब्रुवारी १९९३

ती. ओपलताईस,
मॅक्सीनचा सा. न. वि. वि.

नमस्कार सवयीने घातलाय, मनापासून नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. चहा दोनदा उकळून आटला, इतकी मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतेय.

आजच्या टपालात आपल्या त्या म्हाताऱ्यांच्या अभ्यास-सहलींच्या ऑफिसचं पत्र आलं. मला वाटलं, मे महिन्यातल्या आपल्या आठवड्याची माहिती असेल. मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं कॉलेज, सकाळी भरती-ओहोटीवर व्याख्यान, दुपारी होडीतून पक्षी बघायला. मी चष्मा पुसून, आरामखुर्चीत बसून उघडलं. तर काय लिहिलंय? आपल्या खोलीतील सोबतीण यांनी नाव मागे घेतल्यामुळे ओहायोच्या एका बाईंना आपल्यासोबत देत आहोत! सोबतीण म्हणे! जिच्याबरोबर मी सोळा वर्षांची होईपर्यंत एका पलंगावर पांघरुणाची ओढाओढी केली, ती माझी सख्खी बहीण येणार नाही, हे मला परक्या ऑफिसातल्या टाइप केलेल्या कागदाने सांगायचं?

हे तुझं काम नाही, एवढं मला कळतं. हे गॉर्डनचं काम. तुझा लेक लहानपणापासूनच म्हातारा आहे. नोव्हेंबरात तुमच्याकडे टर्कीच्या जेवणाला मी न्यू मेक्सिकोची गंमत सांगितली, तेव्हा सगळे पोट धरून हसले; हा एकटा काटा हातात धरून तुझ्याकडे टकमक बघत बसला होता. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

अगं, काय झालं होतं एवढं? कॉलेजची वसतिगृहं ती. सगळी दारं एका रंगाची, सगळे बोळ एकसारखे. तू सहलीतल्याच बिचाऱ्या हॉवर्डच्या खोलीत शिरलीस आणि माझ्या खोलीत तुमचं काय काम म्हणून त्याला बाहेर काढलंस. तो उशी काखेत मारून बोळात उभा! दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यानेच सगळ्यांना सांगितलं, की मी जन्मभर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून लोकांना तंबी दिली, पण इतकी खणखणीत तंबी मला कुणी दिली नव्हती. त्याच्या त्या वाक्यामुळे तर कळलं तो कोण होता ते. एरवी आपल्या या सहलींत कुणी कुणाला पूर्वी काय होतात, किती शिकलात, असं विचारत नाही. गळ्यातल्या पट्टीवर नाव आणि गाव, बास. म्हणून तर मला त्या आवडतात.

तर गॉर्डनला सांग, की आईचं नाव गपगुमान परत घाल. नाहीतर मी येईन. ते त्याला परवडणार नाही.

तुझी, आणि त्या ओहायोवालीची कधीच न होणारी,
मॅक्सीन


एल्मग्रोव्ह, आयोवा
१५ फेब्रुवारी

चि. मॅक्सीन हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पाकीट फोडतानाच हाताला चटका बसला.

गॉर्डनला उगाच दोष देऊ नकोस. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, मेनच्या खडकांवर ते काय चढणार? एवढंच कारण आहे. तू मात्र जायचंच. ओहायोच्या बाई चांगल्या असतील. घोरत असतील तर तूही घोरतेस, दोघींचं छान जमेल.

इथे बर्फ अजून कुंपणाएवढं आहे. रविवारी चर्चच्या मदतीसाठी आम्ही बायकांनी सफरचंदाचे गोड पाय भाजून विकले. चर्चच्या पाय-विक्रीत जॅनिसने साखरेऐवजी मीठ घातलं. पाद्रीबाबांनी पहिला घास घेतला आणि शिष्टाचार म्हणून सगळा तुकडा संपवला. सूनबाई आता तीन रविवार तोंड लपवून फिरेल. माझी मांजर पुन्हा गाभण आहे. तिला या वयात लाज नाही.

किनाऱ्यावर वारा फार असतो, लोकरी टोपी ने. आणि व्याख्यानाला पुढच्या बाकावर बस. मागे बसलीस तर तुला ऐकू येत नाही आणि मग तू शेजाऱ्याला कोपर मारून विचारतेस. तिकडून आलीस की मला सगळं सविस्तर लिही. चंद्रामुळे पाणी कसं चढतं ते मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं, पण खरं सांगू, मलाच ते कधी नीट पटलं नाही.

आणि हो, एक गंमत सांगायची राहिली. चर्चच्या पाय-विक्रीत जॅनिसने साखरेऐवजी मीठ घातलं. पाद्रीबाबांनी सगळा तुकडा खाल्ला, बिचारे!

डोकं थंड ठेव, पाय गरम ठेव. आशीर्वाद आहेतच.
ओपल


बेरी फॉल्स
२२ फेब्रुवारी

चि. गॉर्डन यास,
मॅक्सीन मावशीचे आशीर्वाद. देताना हात जरा आखडलाय, ते समजून घे.

तुझ्या आईचं पत्र आलं. गुडघे म्हणे! न्यू मेक्सिकोत लाकडी शिडीवरून कड्यातल्या घरात चढली ती, माझ्या आधी. तिचे गुडघे तुझ्या गुडघ्यांपेक्षा बरे आहेत. ती तुला पाठीशी घालतेय. घालणारच, आई आहे.

मला एवढंच सांग, आई म्हणजे काय कपाटात ठेवायची चिनीमातीची बशी वाटली तुला? फुटेल म्हणून बाहेरच काढायची नाही? अरे, गेली कित्येक वर्षं आम्ही दोघी दर मोसमात कुठे ना कुठे जातो. तारे शिकलो, यादवी युद्ध शिकलो, मधमाश्या शिकलो. पोरांच्या ट्रेमधून पोरांचं जेवण जेवलो, अरुंद खाटांवर झोपलो, संडासासाठी रांगा लावल्या. तरण्याताठ्या पोरांना कंटाळा येईल अशा व्याख्यानांना आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि तू काय केलंस या वयात? गवत कापायचं यंत्र घेतलंस.

एकदा दार चुकलं म्हणून माणसाला घरात कोंडायचं असेल, तर तुझ्या बापाला पहिलं कोंडायला हवं होतं. स्वतःच्या लग्नाला तो शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये जाऊन बसला होता.

उलट टपाली उत्तर पाहिजे, आणि गुळमुळीत नको.

तुझी अजून तरी मावशी,
मॅक्सीन


एल्मग्रोव्ह
१ मार्च

ती. मॅक्सीन मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, तुमचं पत्र मी जॅनिसला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं पडलं, की उत्तर देऊ नये. पण आता माझाही संयम संपला. दरवेळी काही बिनसलं की गॉर्डन! आईने तोंड उघडू नकोस म्हणून बजावलंय, तुम्ही गुळमुळीत नको म्हणून दटावताय. मी करायचं तरी काय? तर ऐका.

नाव मी काढलं नाही. आईने स्वतः फोन करून काढलं. मी नको म्हणत होतो.

न्यू मेक्सिकोत तिचं दार चुकलं नव्हतं. ती म्हणाली, की आपण कुठल्या गावात आहोत, कशाला आलोय, तेच तिला कळेना. खाटेवर कुणीतरी आहे एवढं दिसलं आणि भीतीपोटी वर्गातला आवाज बाहेर आला. आता घरीही होतं तसं. झोपायच्या खोलीच्या दाराच्या मुठीला तिने लाल रिबन बांधली आहे, म्हणजे दार ओळखू येतं. डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणतात, हळूहळू वाढेल.

पण तिने नाव काढलं ते घाबरून नाही. न्यू मेक्सिकोत सहलीच्या बसमध्ये रोज सकाळी विचारायचे म्हणे, की शेजारचं माणूस आहे का. डोकी मोजत नसत, प्रत्येकाने आपापल्या जोडीदाराचं सांगायचं. त्या प्रसंगानंतर तुम्ही दिवसभर तेवढंच करत राहिलात, असं तिचं म्हणणं. मातीच्या भांड्यांवर व्याख्यान चाललेलं आणि तुम्ही हिच्याकडे बघताय. दर खेपेला सगळ्यांत आधी हात वर करणाऱ्या तुम्ही, त्या आठवड्यात एकही प्रश्न विचारला नाहीत.

मावशी, आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तुम्हाला शाळेतून काढलं आणि आईला इथल्या कॉलेजात पाठवलं, हे मला नोव्हेंबरपर्यंत माहीतच नव्हतं. आई म्हणाली, की मॅक्सीनला आधी आईपायी शिकता आलं नाही, आता माझ्यापायी नको. हे सांगताना ती बटाटे सोलत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

आता करा काय संताप करायचा तो.

आपला आज्ञाधारक (आणि नाहक शिव्या खाल्लेला),
गॉर्डन

ता. क. : वडिलांच्या लग्नाची गोष्ट खरी आहे का?


बेरी फॉल्स
८ मार्च

ती. ओपलताईस,
सा. न. वि. वि.

गॉर्डनने मला सगळं सांगितलं. त्याला रागावू नकोस. मी रागावले, त्यात त्याची चूक नव्हती, म्हणून त्याची माफी मागून मेपल सिरपची बाटली पाठवली आहे. आता सगळा राग तुझ्यासाठी मोकळा झाला.

तू स्वतःला समजतेस कोण? तुझ्या त्यागाचं मी काय करू, लोणचं घालू? मला न विचारता मला शहाणी करायला निघालीस! मोठी बहीण आहेस, बोर्डाची परीक्षा घेणारी बाई नाहीस. जन्मभर सगळ्यांच्या वतीने ठरवत आलीस, आता माझ्या वतीने माझी बहीणही रद्द करून टाकलीस.

हो, मला माहीत होतं. त्या रात्रीच कळलं होतं. तुला हाताला धरून परत आणलं तेव्हा तू मला आईच्या नावाने हाक मारलीस. म्हणून तर ती हॉवर्डची गंमत मी जिथे तिथे सांगत सुटले. दुसऱ्या कुणी ती कुजबुजत सांगण्याआधी मी ती हसून सांगितली. हसण्यावारी गेलेल्या गोष्टीची लोक कीव करत नाहीत. मला दुसरं काही सुचलं नाही, ताई.

आणि शिकण्याचं म्हणशील, तर शिकायला मला आवडतं. जीव टाकते मी त्यावर. आपल्या पहिल्या सहलीत वसतिगृहातल्या खाटेवर चादर पसरली तेव्हा न्हाणीघरात जाऊन रडले होते, तुला सांगितलं नव्हतं. सोळाव्या वर्षी आईचं अंथरूण बदलताना मला वाटायचं, ओपल आत्ता काय ऐकत असेल? कुठल्या बाकावर बसली असेल? कॉलेज म्हणजे माझ्या डोक्यात तू बाकावर बसलेली, एवढंच चित्र होतं. त्या चित्रातून तुला काढून माझ्या हाती भरती-ओहोटी देतेस? ठेव तुझ्याजवळ तुझा चंद्र.

मी मेन रद्द केलं. ओहायोवालीला सबंध खोली मिळाली, ती मला दुवा देईल. जूनमध्ये एल्मग्रोव्हच्याच कॉलेजात आठवडा आहे, माळरानातल्या गवतावर. ठाऊक आहे, दरवर्षी सहलींच्या पुस्तिकेत त्याचं पान उलटताना मी नाक मुरडते, की गवत बघायला कोण अर्धा देश ओलांडून जाईल. आता मीच जाईन. नावं दोघींची घातली आहेत. गावातली माणसं घरून येऊ शकतात असा नियम आहे, तो तू मला सांगायच्या आधीच सांगते, चालणार नाही. वसतिगृहात राहायचं. खोलीत दोन खाटा आहेत, एक तुझी.

मी पुढच्या बाकावर बसेन आणि फळ्याकडे बघेन. वचन देते. तुझ्यावर पहारा ठेवणार नाही. हरवलीस तर हरव. तुझ्याच गावात हरवशील, जिथल्या दर दुसऱ्या माणसाला तू पाढे शिकवलेस. तुला बघून आधी ते चड्डी सावरतील आणि मग निमूट आणून पोचवतील.

हॉवर्डला कळवलंय. तोही येतोय नेब्रास्काहून. म्हणतो, या वेळी कडी आतून घट्ट लावून झोपेन.

पायची गोष्ट दोनदा लिहिलीस. मी दोन्ही वेळा हसले. तिसऱ्यांदा लिहिलीस तरी हसेन.

राग उतरलेला नाही. तो घेऊनच येतेय.
मॅक्सीन


एल्मग्रोव्ह
१६ मार्च

चि. मॅक्सीन हिस,
अ. उ. आ.

न विचारता माझं नाव घातलंस. याला उद्धटपणा म्हणतात. माझ्या वर्गात असतीस तर फळ्याकडे तोंड करून कोपऱ्यात उभी केली असती. आणि ज्या कॉलेजात मी पदवी घेतली, तिथे म्हातारपणी गवत शिकायला मला बसवतेस! आख्खं गाव हसेल. पाद्रीबाबांना कळलंसुद्धा.

गॉर्डनलाही रागावले. तो म्हणाला, की या घरात कुणीतरी एकदा मला सोडून दुसऱ्या कुणावर रागावेल का? जॅनिस म्हणाली, मला मिठावरून बोलणं बंद करा, मग बघू. दोघांनाही सिरप आवडलं.

तुझं पत्र मी रोज सकाळी वाचते. काही सकाळी ते मला नवीनच असतं, त्यामुळे रोज नव्याने तुझा राग येतो. एका पत्रात इतका राग पुरवून दिलास, चांगलं केलंस. आईच्या नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. तुला ते एकटीने इतके महिने सांभाळावं लागलं, याचं मात्र फार वाईट वाटलं.

येते मी. बॅग कालच काढली. गॉर्डनने जून लांब आहे म्हणून परत माळ्यावर टाकली. रिबन मी आणीन, दाराला तू बांध. मला गाठ आता नीट जमत नाही. खिडकीकडची खाट माझी, यात वाद नको.

पण माझीही एक अट आहे. माळावर न्यायला बस येईल आणि ते नेहमीसारखं विचारतील, की शेजारचं माणूस आहे का. या वेळी तू फळ्यावरचं काय ते डोक्यात घोळवत बस, उत्तर मी देणार. गाव कुठलं, वार कुठला, हे मला पुढेमागे सांगता येणार नाही. माझ्या शेजारी मॅक्सीन आहे, एवढं मी अजून न चुकता सांगेन.

पुढच्या बाकावर जागा धर.
तुझी,
ओपल