बेलचा दिवा

प्रिय सुगंधा,

घरात फेरिक क्लोराईड आणलंय. हसू नकोस. कंपनीत आपल्यापुढे सर्किटचे तयार बोर्ड यायचे, आपण नुसतं सोल्डरिंग करायचो. आता हाटकेशमधल्या या फ्लॅटच्या गॅलरीत मीच तांब्याच्या बोर्डावर मार्करने रेषा काढते आणि प्लास्टिकच्या ट्रेमधल्या त्या तपकिरी पाण्यात बोर्ड हलवत बसते. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. पहिला बोर्ड वाया गेला. फार वेळ ठेवला, रेषाही खाल्ल्या गेल्या. गाऊनवर पिवळे डाग पडलेत. हे असते तर ओरडले असते. आता ओरडायला कुणी नाही, म्हणून तोच गाऊन घालून फिरते.

या वयात हे कुठून सुचलं, म्हणशील. गणपतीनंतर एका दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत वळले तर हॉलमध्ये चार माणसं! दाराचं लॅच तोडलेलं. शेजारची दिव्या धावत आली, मला मिठी मारून कानाशी रडत म्हणाली, "आंटी, हमको लगा आप गयीं." ती कधीची बेल वाजवत होती म्हणे. सोसायटीचे सेक्रेटरी आत्माराम सावंत काहीतरी बोलले, ते मला त्यांनी दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. "मुलाला कळवू का?" मी म्हटलं, नको हो, जरा डोळा लागला होता. माझ्या हातात ओला टॉवेल होता. सगळ्यांनी तो पाहिला.

म्हणून हा बोर्ड. बेल दाबली की हॉलमध्ये लाल दिवा लागतो. पण तपासायचा कसा? बाहेर जाऊन बटण दाबायचे, आत येईपर्यंत दिवा विझलेला. शेजारणीला बटण दाबायला बोलवायची लाज वाटली. शेवटी मोठा कपॅसिटर लावला, दिवा जास्त वेळ राहील असा. मग बटण दाबून आत आले, तर लागलेला होता! तो विझेपर्यंत मी एकटीच समोर उभी राहिले.

सुगंधा, मला ऐकू येईनासं झालंय. उजवा कान गेलाच, डाव्यात थोडं उरलंय. कानाचं मशीन लावलं की भांड्यांचा आवाज येतो, माणसांचं बोलणं कळत नाही. अभिनवला सांगितलं तर तो घर बंद करून मला बंगळूरला नेईल, म्हणून त्याला अजून सांगितलं नाही. तुझे फोन येतात ते दिसतात गं मला. तुझं नाव स्क्रीनवरून जाईपर्यंत फोन हातात धरून बसते. उचलला आणि तू "नीलू, ऐकतेस ना?" म्हणालीस, तर काय सांगू? मेसेज तुझी सून वाचून दाखवते, म्हणून हे पत्र. रागावली असलीस तरी एकदा चिपळूणहून ये. माझ्या डाव्या बाजूला बस आणि काहीही बोल. तुझा आवाज मला अजून येतो का, ते हा कान जायच्या आत बघायचंय.

तुझीच,
नीलिमा