शनिवारचा रोजा

बाई, परवा आमच्या गल्लीतल्या मौलवींना मी विचारलं, नमाज पहिल्यापासून मक्केकडंच तोंड करून पढतात काय. ते म्हणाले, "न्हाय मावशी, अगदी सुरुवातीला बैतुल मुकद्दसकडं, म्हंजे यरुशलेमकडं तोंड करायचे. मक्केचा हुकूम मागनं आला." मी तिथंच उभी राहिले. तुमच्या खोलीतली पश्चिमेची भिंत डोळ्यांपुढं आली. तिच्यावर तुम्ही साधं कॅलेंडरसुद्धा लावू देत नव्हता, कारण यरुशलेम त्या दिशेला, म्हणून प्रार्थनेला तुम्ही तिकडं तोंड करायचा. तुम्हाला हे ठाऊक होतं का? तुम्ही होता तेव्हा मला असले प्रश्न पडायचे, पण तोंडातून निघायचे नाहीत.

गडमुडशिंगीहून नर्स म्हणून मी त्या प्रसूतिगृहात आले, तेव्हा तुम्ही तिथल्या हेडनर्स. आया तुम्हाला कधी ख्रिश्चन समजायच्या, कधी मुसलमान. अलिबागकडच्या बेने इस्राएली, म्हणजे ज्यू, हे तुम्ही कितीदा सांगितलं तरी कुणाच्या लक्षात राहत नव्हतं. मला मात्र तुमच्या स्वयंपाकघराचं भारी नवल वाटायचं. तुमच्याकडं मटण खाल्लं की वरचा चहा बिनदुधाचा. मी तोंड वाकडं केलं, तर तुम्ही म्हणालात, "आईच्या दुधात तिचं पिल्लू शिजवू नये, असं आमच्या शास्त्रात आहे. तेव्हापासून दूध आणि मटण लांब लांब." मी म्हणाले, "पण हे तर बोकड आणि दूध म्हशीचं." तुम्ही हसलात आणि कप पुढं सरकवलात.

शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी तुम्ही दोन दिवे लावायचा आणि शनिवारी अंधार पडेपर्यंत काडी ओढायची नाही, वाहनात बसायचं नाही, काम करायचं नाही. त्याबदल्यात रविवारची ड्यूटी तुमची.

असाच एक शनिवार, रमजानचा, उन्हाळ्यातला. वॉर्डात एक पोर आलेली, पहिलटकरीण, नववा महिना. उलट्यांनी जीभ कोरडी पडलेली, पोटातल्या बाळाचे ठोके वेडेवाकडे. डॉक्टर पन्हाळ्याला शिबिराला गेलेले. निघालेत, पण यायला वेळ. आणि ही पाणी घेत नाही, सलाईन लावू देत नाही. "रोजा हाय माझा," एवढंच म्हणते. तिची सासू पायाशी बसून रडते आहे, "मी नगो म्हणत हुते ओ, ऐकत न्हाय." मला काही सुचेना. मी रिक्षा करून तुमच्या घरी आले. दारातच पोरीचं आणि तिच्या रोज्याचं सांगितलं. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडं पाहिलंत, चप्पल घातलीत आणि रिक्षात बसलात. वाटेत फक्त ठोके किती, एवढं विचारलंत.

तिच्या उशाशी तुम्ही बसलात. आवाज चढवला नाहीत.

"बाळ, आज माझा शब्बाथ आहे. देवानं आज मला काम करू नको म्हटलंय. घरातला दिवासुद्धा मी आज लावत नाही."

तिनं डोळे उघडले. "मग कशाला आलासा?"

"जीव धोक्यात असला की शब्बाथ मोडायचा, असंही त्यानंच सांगितलंय. तुमच्यात वेगळं सांगितलंय का?"

पोर सासूकडं बघायला लागली. सासू डोळे पुसत म्हणाली, "बाळंतपणाला सूट हाय की गं. मागनं फेडायचा रोजा. मी तेच सांगाय लागलेय सकाळपास्नं."

तुम्ही तांब्या उचललात. तिनं दोन घोट घेतले, मग हात पुढं केला. तुम्ही स्वतः सुई लावलीत. डॉक्टर आले, संध्याकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाहेर व्हरांड्यात मी तुम्हाला विचारलं, "बाई, तुम्हाला पाप लागलं काय?" तुम्ही म्हणालात, "न येते तर लागलं असतं." आणि अंधार पडेपर्यंत तुम्ही तिथंच बाकावर बसून राहिलात. तोवर घरी परत जायला रिक्षा केली नाहीत. आता जीव धोक्यात नव्हता, म्हणून. हे माझ्या बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं.

आता मीही निवृत्त आहे. मौलवींना, शेजारच्या वकीलबाईंना, ज्याला त्याला विचारत असते: तुमच्यात हे कसं, ते कसं. आठव्या दिवशी सुंता तुमच्यात, बहुधा उशिरा मुसलमानांत; प्रार्थनेआधी हात धुणं दोघांत. पण एक प्रश्न फक्त तुम्हालाच विचारता आला असता. दारफळणीच्या सणाला, म्हणजे तुमच्या प्रायश्चित्ताच्या उपासाला, तुम्ही दार लावून दिवसभर थेंबभर पाणीही घेत नव्हता. शेवटच्या वर्षी तुमचं हृदय थकलेलं, डॉक्टरांनी उपास बंद केलेला. त्या दिवशी बंद दाराआड तुम्ही पाणी प्यायलात का, बाई? त्या पोरीला सांगितलंत तसं स्वतःलाही सांगितलंत का?

हे कुठं टाकायचं पत्र नाही. विचारते एवढ्यासाठी की मला साखरेचा आजार आहे आणि उपास करू नको म्हणून सगळ्यांनी बजावलंय. परवाच्या संकष्टीला सुनेनं विचारलं, "आई, खाल्लंत का?" मी म्हणाले, खाल्लं. खाल्लं नव्हतं.